नोकरी सांभाळून स्पॅनिश

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात स्पॅनिशचा एक शब्दही न शिकता चार-चार वर्षं काढलेली भारतीय माणसं मला माहीत आहेत. त्यांना दोष देता येत नाही. शहरात सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या भरपूर, काम अमेरिकेतल्या क्लायंटचं, त्यामुळे ऑफिसात दिवसभर इंग्रजी. घरी आलं की मराठी नाहीतर हिंदी. शनिवार-रविवार आपलीच मंडळी. जेवण मागवायला ॲप, टॅक्सीला ॲप. भाषेवाचून अडतं कुठे, तर गॅस संपल्यावर.

इथे बऱ्याच घरांच्या गच्चीवर गॅसची पक्की टाकी असते. फोन केला की टँकर येतो, त्याला पिपा म्हणतात. माणूस लांबलचक नळी खांद्यावर घेऊन वर चढतो आणि टाकी भरून देतो. अडचण त्या फोनची. पलीकडची बाई ‘ब्वेनो’ म्हणून फोन उचलते आणि एका दमात विचारते: रस्ता कुठला, घर नंबर काय, कोलोनिया म्हणजे वस्ती कुठली, आणि मग ‘एन्त्रे के काय्येस?’ म्हणजे कुठल्या दोन रस्त्यांच्या मधे. हा शेवटचा प्रश्न मला मोबाईलवरच्या कुठल्याही ॲपने शिकवला नव्हता. समोर माणूस असला की हातवारे चालतात, हसून वेळ मारून नेता येते. फोनवर त्यातलं काहीच नाही. पहिले कित्येक महिने माझा गॅस घरमालकीणबाईच मागवायच्या. त्या सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार, आणि मी धडधाकट बाई दर वेळी त्यांच्या दारात उभी. स्पॅनिश शिकायचं ठरलं ते त्या दारात. संस्कृतीबिंस्कृतीचं प्रेम नंतर आलं.

मग प्रश्न वेळेचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. तिच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामापुरतं नीट स्पॅनिश यायला वर्गातले साधारण सहाशे-सातशे तास लागतात. पण तिथले अधिकारी पगारी शिकतात, त्या काळात त्यांना दुसरं काम नसतं. मी आठवड्याला चार तास धरून गणित मांडलं तर तीन वर्षं पार होत होती, आणि माझं डेप्युटेशन होतं दोन वर्षांचं, वाढलं तर तीन. ग्वादालाहारा विद्यापीठाचं परदेशी लोकांसाठी खास केंद्र आहे. ऑफिसातल्या एकाची बायको तिथे जायची आणि बघता बघता नवऱ्याच्या आणि माझ्याही पुढे निघून गेली. मला रोजचे एवढे तास काढणं शक्य नव्हतं. घराजवळच्या एका छोट्या शाळेत संध्याकाळी सातचा वर्ग लावला.

तो वर्ग चांगला होता, माझी वेळ वाईट होती. इथल्या आणि भारतातल्या घड्याळात साडेअकरा तासांचं अंतर, म्हणजे पुण्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. दिवसभर क्लायंटशी बोलायचं, सातला वर्गात बसायचं आणि साडेनऊला पुण्याच्या टीमचा कॉल घ्यायचा. फळ्यावर क्रियापदाची सगळी रूपं असायची आणि मला त्यातली पहिली दोन दिसायची. बाकीच्यांपैकी निम्मे निवृत्त अमेरिकन, दुपारची झोप काढून आलेले. त्यांचा मला मनापासून हेवा वाटायचा.

शाळेतल्याच एका बाईंना, त्यांना मी माएस्त्रा म्हणते, विचारलं की सकाळी ऑफिसच्या आधी एकटीला शिकवाल का. त्या तयार झाल्या. आठवड्यातून तीनदा, सकाळी सात ते आठ, ऑनलाइन. हा बदल माझ्यापुरता सगळ्यात मोलाचा ठरला. डोकं ताजं असायचं आणि त्यात अजून इंग्रजी शिरलेलं नसायचं. फक्त मार्चमध्ये एक घोळ व्हायचा. मेक्सिकोने २०२२ साली घड्याळ मागे-पुढे करणं बंद केलं, सीमेलगतचा काही भाग सोडून. अमेरिकेने नाही केलं. त्यामुळे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ हिवाळ्यात इथे आठ वाजता होतात आणि मार्च ते नोव्हेंबर सात वाजता. म्हणजे क्लायंटची मीटिंग थेट माझ्या वर्गावर येऊन बसायची. मग वर्ग सहाला. उन्हाळ्यात सहाला उठून क्रियापदं चालवायला माएस्त्रा कशा तयार झाल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की माझे उच्चार अमेरिकन माणसापेक्षा बरे आहेत, र तर अगदी खणखणीत, पण ‘त’ आणि ‘द’ काहीतरी विचित्र लागतात. नेमकं काय विचित्र, ते त्यांना सांगता येईना. कसं सांगणार? त्यांच्या भाषेत ट नाहीच. मी स्पॅनिश वाचत होते रोमन अक्षरांतून, आणि रोमन ‘टी’ दिसला की आपली जीभ शाळेपासूनच्या सवयीने टाळूला जाते. मी ‘टेंगो’ म्हणत होते. त्यांना ‘तेंगो’ हवं होतं, आपल्या तांदळातला त. त्या दिवशी वही बदलली आणि सगळं देवनागरीत लिहायला घेतलं: तेंगो, तिएनेस, तिएने, तोदो, दोंदे. उच्चार महिन्याभरात सरळ झाले. देवनागरीत सगळं काही बसत नाही. दोन स्वरांमधला त्यांचा द फार मऊ असतो, तो कानानेच धरावा लागतो. पण ट-ड चा प्रश्न मिटला.

त्या वहीमुळे दुसरीही गोष्ट घडली. देवनागरीत लिहू लागले तशी समोर अर्थही मराठीत लिहू लागले, आणि मग व्याकरणातल्या ज्या जागी वर्गातले सगळे अडखळायचे, तिथे मला फारसं काही करावंच लागलं नाही. संध्याकाळच्या वर्गात ‘मे गुस्ता’ वर दोन आख्खे तास गेले होते. आंबा एकच असेल तर ‘मे गुस्ता एल मांगो’, जास्त असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याप्रमाणे का बदलतं, खाणारी तर मी आहे ना, असं एक गृहस्थ तावातावाने विचारत होते. मीही इंग्रजीत विचार करत बसले होते म्हणून मलाही तेव्हा ते अवघड वाटलं. मराठीत लिहिलं: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. झालं.

पुढे भूतकाळ. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ, एक घडून गेलेल्या गोष्टीचा, एक तेव्हा नेहमी घडायच्या त्याचा. याच्यावर परदेशी लोकांसाठी पानंच्या पानं लिहिलेली आहेत. मी माझ्या वहीत लिहिलं: ‘फ्वी’ म्हणजे गेले, ‘इबा’ म्हणजे जायचे. सुट्टीत आजोळी जायचे, एकदा पावसात गेले. सगळीकडे हे तंतोतंत जुळत नाही, पण दहातल्या आठ वेळा माझा अंदाज बरोबर यायचा आणि उरलेल्या दोनदा माएस्त्रा होत्याच. हातून ग्लास पडला तर ‘से मे कायो’. ग्लास पडला, माझ्या हातून. मी पाडला असं नाही. आपण नाही का म्हणत!

आणि सुबहुन्तिवो. याचं नाव काढलं की शिकणारे कपाळाला हात लावतात. इच्छा, शंका, आशीर्वाद, विनंती, अशा ठिकाणी क्रियापदाचं वेगळंच रूप. पण मेक्सिकोत राहणाऱ्याच्या कानावर ते पहिल्या दिवसापासून पडत असतं, कारण कुठल्याही दुकानातून निघालात की मागून येतं, ‘के ले वाया ब्येन’. तुमचं चांगलं होवो. टॅक्सीवाला म्हणतो, औषधवाली म्हणते, पार्किंगचा माणूस म्हणतो. ‘क्येरो के वेंगास’ म्हणजे तू यावंस असं मला वाटतं. हे ‘यावंस’, ‘करावं’, ‘होवो’ आपल्याकडे आहेच. इंग्रजीत ते जवळजवळ पुसून गेलंय, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते आकाशातून पडल्यासारखं वाटतं. तेव्हा भाषाशाळेचे ते सहाशे-सातशे तास इंग्रजीतून येणाऱ्यांचे. आपण तो हिशेब जसाच्या तसा उचलायचं कारण नाही.

मराठी हात देत नाही अशाही जागा आहेत. सेर आणि एस्तार दोन्ही आपल्याकडे ‘आहे’ मध्येच गेले. ‘पोर’ आणि ‘पारा’, दोन्ही साधारण आपलं ‘साठी’, यांचं मला आजही विचारावं लागतं. त्याला, त्याचं, तिला यांच्या जागी येणारे ते बारीक ‘लो’, ‘ला’, ‘ले’ बोलण्याच्या वेगात हरवतात. तिथे घोकंपट्टीच. आणि पगार, चावी, साबण, पाव ही यादी ज्याला त्याला सांगायची असते, मलाही घरच्या ग्रुपवर तीन-चारदा आली. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेले शब्द, स्पॅनिशला जवळचे, सगळं खरं. पण त्या शब्दांवर गॅस येत नाही.

बोलण्याची खरी सुरुवात तियांगिसमध्ये झाली. हा आपला आठवडी बाजार, ठरलेल्या वारी ठरलेल्या रस्त्यावर भरतो, दुपारी उठतो. आमच्या भागात रविवारी. मी भाजी तिथेच घ्यायची असं ठरवून टाकलं आणि सुपरमार्केट बंद केलं. तिथले प्रश्न ठरावीक, उत्तरं ठरावीक, रांगेत मागे माणसं असली तरी कुणाला घाई नाही. ‘आ कोमो?’ म्हटलं की कसे दिले. पेरू, पपई, चिकू, चिंच, शेंगा, मिरचीचे तर ढीग. भाज्यांची नावं सोडली तर मंडईत उभं असल्यासारखंच. विक्रेते मला ‘ग्वेरिता’ म्हणतात. ग्वेरा म्हणजे गोरी. माझा रंग पाहता हा विनोदच, पण तिथे प्रत्येक गिऱ्हाईक गोरंच असतं. टोमॅटो तोलून झाले की एक-दोन वर टाकायचे, त्याला पिलोन म्हणतात. मी मिरच्यांचा पिलोन मागायला शिकले त्या रविवारी, खोटं कशाला बोलू, परीक्षा पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला. कोथिंबीरवाल्या आजीबाई तर मुद्दाम जास्त बोलायच्या. मला कळलं नाही तर आवाज चढवून नाही, शब्द बदलून पुन्हा सांगायच्या. असा शिक्षक पैसे देऊन मिळत नाही.

त्याच सुमारास गॅसचा पहिला फोन केला. कागदावर चारही उत्तरं लिहून, वर ‘पोर्तोन नेग्रो’, काळं फाटक. बाईने पाचवा प्रश्न विचारला, किती भरायचा. तेवढं मात्र कागदावर नव्हतं. ‘येनो’, म्हटलं, पूर्ण. पिपा आला. बिल पाहून घरमालकीणबाई म्हणाल्या, पूर्ण कोण भरतं!

ऑफिसात मात्र स्पॅनिश शिरायला वेळ लागला, आणि त्याचं कारण लोकांचा चांगुलपणा. मी टेबलापाशी गेले की सगळे पटकन इंग्रजीवर यायचे. माझ्यासाठीच ते करायचे, त्यामुळे नको म्हणणंही जड जायचं. शेवटी टीम लीडला विचारलं की सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, स्पॅनिशमध्ये घेऊ या का. क्लायंट त्यात नसतो, आणि माझ्याखेरीज सगळे मेक्सिकनच. जो कुणी नोकरी करत भाषा शिकतोय त्याला मी हे एकच सुचवेन. स्टँडअपमध्ये रोज तीनच गोष्टी सांगायच्या असतात: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. म्हणजे भूतकाळ, भविष्यकाळ आणि तक्रार. ‘आयेर तेर्मिने’, ‘ओय वोय आ’, ‘एस्तोय आतोरादा’. शब्द निम्मे इंग्रजीच असतात, कारण बगला बगच म्हणतात आणि डिप्लॉयचं त्यांनी स्पॅनिश क्रियापद करून टाकलंय. पंधरा मिनिटं, रोज, टाळता न येणारी. माझा नंबर चौथा ठेवायचा असं मी ठरवून घेतलं, म्हणजे आधीच्या तिघांची वाक्यं ऐकून उचलता यायची.

पहिल्या वर्षी राहण्याच्या परवान्याचं सगळं कंपनीच्या माणसाने केलं होतं. नूतनीकरणाला मी एकटी गेले. खिडकीवरच्या तरुणाने कागद पाहिले आणि थांबला. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, आधी वडिलांचं, मग आईचं. माझ्या पासपोर्टवर आडनाव एकच आणि नावाच्या रकान्यात माझं नाव आणि त्याला जोडून बाबांचं. त्याने ते दुसरं नाव बोटाने दाखवून विचारलं, हे तुमचं दुसरं नाव का? म्हटलं नाही, ‘एस एल नोंब्रे दे मि पापा’. तो म्हणाला, मग आईचं कुठे आहे? म्हटलं, आईचं कागदावर नाही. त्याने मागच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, बिचारी आई. मग पाच-सात मिनिटं आमच्याकडे लग्नानंतर काय होतं, मुलांचं काय होतं, यावर गप्पा. मागची रांग ऐकत होती. इथल्या माणसाची ओळख ज्यावर चालते त्या कुर्प नावाच्या १८ अक्षरी क्रमांकात आईच्या आडनावाचं पहिलं अक्षर घालतात. माझ्या क्रमांकात त्या जागी एक्स आहे, आणि जन्मराज्याच्या जागी एन ई, म्हणजे परदेशात जन्मलेली. वर्षभर तो क्रमांक पाठ होता. त्यात काय लिहिलंय ते त्या खिडकीवर कळलं.

परीक्षेला बसले ती स्वतःला तारीख बांधून घ्यायला. दोन पर्याय होते. सिएले ही संगणकावर होते, पास-नापास नसतं, गुण मिळतात, पण प्रमाणपत्राला मुदत असते. देले ही इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या भाषासंस्थेची, पातळी निवडून द्यायची, पास झालात तर कायमचं. मी देलेची बी-१ ही मधली पातळी निवडली. वाचन ७० मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ६०, आणि तोंडी १५ मिनिटं, तिच्या आधी तयारीला १५. गोम अशी की वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा, प्रत्येकी ५० गुण, आणि दोन्हीत किमान ३० हवेत. एकाच्या जिवावर दुसरं तरत नाही. आपल्याकडच्या मुलांना वाचन-लेखन जमतंच, गाडी अडते ती ऐकण्यात. रेकॉर्डिंगमध्ये कुठल्याही देशाचा माणूस बोलतो. दीड वर्ष मेक्सिकन ऐकलेल्या कानाला स्पेनचा ‘ग्राथियास’ (इथला ‘ग्रासियास’, म्हणजे आभार) आणि त्यांचं ते ‘वोसोत्रोस’, म्हणजे तुम्ही सगळे, जे इथे कुणी वापरत नाही, परकं वाटतं. शेवटचे दोन महिने ऑफिसला जाता-येता मी फक्त स्पेनच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या. बसमध्ये शेजारच्याने एकदा विचारलं, हे असं का बोलतायत?

तोंडीत एक चित्र वर्णन करायचं असतं आणि एक नाटुकलं: समोरचा परीक्षक दुकानदार वगैरे होतो आणि आपण त्याच्याशी काहीतरी मिटवायचं. मला तियांगिसची सवय. मी त्याच्याशी जरा जास्तच भांडले असं वाटतं. निकाल यायला महिने लागले. आला तेव्हा मी रिलीजच्या गडबडीत होते. ‘आप्तो’, म्हणजे पास, असं लिहिलेलं पाहिलं, स्क्रीनशॉट माएस्त्रांना पाठवला आणि पुन्हा कामाला लागले.

बी-१ आलं म्हणून सगळं कळतं असं नाही. दुपारी दोन-अडीचला ऑफिसात जेवायला बसतो. जाता-येता जो तो ‘प्रोवेचो’, म्हणजे जेवण गोड लागो, म्हणतो, तेही मी म्हणते. एकेकट्याशी बोलायला मला आता काही वाटत नाही. पण आठ जण एकदम बोलू लागले, त्यातले दोघं मॉन्तेर्रेचे आणि एक युकातानचा, की माझा धागा सुटतो. त्यात अल्बूर. वरवर साधं वाक्य, खाली भलताच अर्थ, आणि समोरच्याने तितक्याच सरळ चेहऱ्याने उलट टोला द्यायचा. टेबल हसून लोटपोट आणि मी मिरचीचा तुकडा चावत बसलेली. टीममधल्या दोघी म्हणतात, काही अडलं नाही तुझं, न कळलेलंच बरं. एका पोराने समजावायचा प्रयत्न केला, अर्ध्यात लाल झाला आणि उठून गेला.

बी-२ चा अर्ज अजून भरलेला नाही. माझं डेप्युटेशन एप्रिलमध्ये संपतंय. वाढवून मागितलंय, आणि कारणांमध्ये ‘स्थानिक टीमशी त्यांच्या भाषेत काम करता येतं’ असंही घातलंय. तो मेल अर्थात इंग्रजीतच लिहावा लागला.